दुरुस्त न झालेली प्रत

माझे थोरले साडू एकोणसत्तर सालच्या थंडीत, एका मंगळवारी सकाळी, तारापूरला राहत्या घरी वारले. त्या दिवसापर्यंत त्यांनी लिहिलेलं आणि त्यांच्याविषयी लिहिलं गेलेलं सगळं छापील साहित्य जगात एकाच माणसाकडे पूर्ण होतं. तो माणूस मी. खुद्द त्यांच्या कपाटात ते नव्हतं, कारण छापून आलेल्या वस्तूतला त्यांचा रस त्यांचं स्वतःचं नाव दिसलं की संपत असे. माझ्याकडे त्यांच्या सहा पुस्तिका होत्या, चार प्रस्तावना, वर्तमानपत्रांना लिहिलेली अकरा पत्रं, एका दिवाळी अंकातला लेख आणि त्यांच्यावर आलेल्या नऊ बातम्या. नऊपैकी सात बातम्या मीच पाठवलेल्या होत्या. माणसाला जळवण्याचं काम इतक्या सहज, विनासायास आणि वर प्रेमानं करणारा दुसरा माणूस ठाणे जिल्ह्यात झाला नाही, हे मी चौदा वर्षं जळून मग लिहितो आहे.

मी मुंबईच्या एका दैनिकाचा पालघरचा वार्ताहर होतो. चौदा वर्षांत माझा मजकूर असंख्य वेळा छापून आला, पण त्यावर माझं नाव कधी आलं नाही. ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढीच माझी ओळख. साडू तारापूरकडच्या एका मिठागराच्या कचेरीत कारकून होते. मिठाच्या गोण्या किती गेल्या हे लिहायचं, एवढंच त्यांचं काम. आणि त्यांचं नाव मात्र पुस्तिकांच्या मुखपृष्ठांवर ठळक टायपात. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मीही म्हणे. ते मला ‘वार्ताहर’ म्हणत. ‘या, वार्ताहर!’ असं ते ओटीवरून मोठ्यानं म्हणाले की रस्त्यावरची चार माणसं वळून बघत, आणि त्यांना वाटे की ह्या गृहस्थांना भेटायला पेपरवाले येतात.

अण्णा मंगलाष्टकं जमवत. लग्नात रंगीत कागदावर छापून वाटतात ती, नवरा-नवरीची नावं गुंफलेली. लोक ती वाऱ्यासाठी वापरतात आणि जेवणाच्या पंगतीत ओल्या पाटाखाली घालतात. अण्णांनी त्यांच्या सतरा फायली केल्या होत्या, वृत्तांप्रमाणे लावलेल्या. फायलींत वेखंडाचे तुकडे असत, त्यामुळे त्यांच्या घरात शिरलं की बाळंतिणीच्या खोलीत आल्यासारखं वाटे. वैशाखात ते डहाणूपासून पालघरपर्यंतच्या लग्नांना जात. आमंत्रणाची अट नसे. अंगात मोठ्या खिशांचा कोट, हातात काळी छत्री आणि चेहऱ्यावर वडीलधाऱ्याचा भाव. वरपक्षाला वाटे हे वधूकडचे, वधूपक्षाला वाटे हे वराकडचे. बोईसरच्या एका लग्नात दोन्हीकडच्यांनी त्यांना टोपी-नारळ दिला. अक्षता पडून झाल्या की माणसं नवरा-नवरीकडे धावत आणि अण्णा खाली वाकत. पायदळी आलेले कागद झटकून खिशात घालत. एकदा भटजींनी तिसऱ्या ओळीत एक अक्षर खाल्लं, तेव्हा अण्णांनी अंतरपाटाजवळ जाऊन त्यांना ती ओळ पुन्हा म्हणायला लावली. नवरीचा बाप चिडला. “मुहूर्त टळेल हो!” तो म्हणाला. “मुहूर्त पुन्हा काढता येतो,” अण्णा म्हणाले, “हे एकदा छापलं गेलंय.”

माझ्या लग्नातली मंगलाष्टकं अण्णांनीच रचली होती. गुलाबी कागद. त्यात माझं नाव वृत्तात बसेना म्हणून त्यांनी ते मधोमध ताणलं आहे, आणि चौथ्या कडव्यात वधूच्या थोरल्या मेहुण्यांच्या विद्वत्तेवर दोन ओळी आहेत. त्या मात्र कुठेही ताणाव्या लागलेल्या नाहीत. माझ्या संग्रहातला हा पहिला कागद.

सासुरवाडी तारापूरलाच होती. सणाला आम्ही दोघे जावई एका ओळीत बसत असू. पाटाभोवतीच्या रांगोळ्या सारख्याच असत, हे मला मान्य करावं लागेल. मी त्या दर वेळी बघत असे. पण पाहुणे आले की सासूबाई ओळख करून देत, “हे थोरले जावई. विद्वान आहेत.” मग माझ्याकडे वळून थोडा विचार करत. “आणि हे धाकटे. पेपरात असतात.”

एवढ्यावरून कोणीही त्यांच्यावर नजर ठेवली असती. मी त्यांची पुस्तकं जमवायला लागलो ती भक्तीनं नव्हे. कुठे चुकतात ते बघायला. प्रत्येक पुस्तिका मी पेन्सिल घेऊन वाचली. चार पुस्तिकांत मिळून मला छपाईच्या तेरा चुका सापडल्या आणि लिहिणाऱ्याची एकही नाही. त्या काळात मला नीट झोप लागत नसे. अण्णा कुणाला पुस्तक वाचायला देत ते आपल्या घरात, आपल्या झोपाळ्यावर, हात धुवायला लावून आणि मांडीवर पंचा टाकून. शेजारी उभे राहत. मी पान उलटलं की त्यांच्या घशातून बारीक आवाज येई. असा माणूस चुकत कसा नाही?

राहिली होती पहिली पुस्तिका. पाम गावच्या जात्यावरच्या ओव्यांची. साठ सालच्या आसपास त्यांनी ती स्वतः छापून घेतली होती. एका प्राध्यापकांनी दिवाळी अंकात तिची स्तुती केली होती, आणि ते मी दोनदा वाचलं होतं. पण पुस्तिका काही मिळेना. बोईसरच्या बाजारात एक रद्दीवाला होता. अणुवीज केंद्राचं काम सुरू झाल्यापासून तिथे बाहेरची माणसं खूप आली होती आणि रद्दीत हरतऱ्हेची पुस्तकं येत. मी त्याला पुस्तिकेचं वर्णन सांगितलं. तो हसला.

“बाबूजी, आप लेट हो गये. आपके जैसे एक और आते हैं, छतरीवाले. वही किताब माँगते हैं. कल ही ले गये.”

मी चौकशी केली. पालघरजवळच्या माहीमच्या एका वकिलांकडची प्रत अण्णा ‘दोन दिवसांसाठी’ घेऊन गेले होते. चिंचणीच्या डॉक्टरांकडची नेली होती. शाळेच्या कपाटातली नेली होती. त्यातली एकही अजून परत आली नव्हती. माणूस आपलीच पुस्तिका गावोगाव फिरून गोळा करतो आहे, याचा बातमीदाराच्या डोक्यात एकच अर्थ होतो. त्यात काहीतरी आहे. अक्का, म्हणजे अण्णांची बायको आणि माझी मेहुणी, हिच्या न्हाणीघरात पाण्याचा बंब होता. मला त्या बंबात पुस्तिका जळताना दिसायला लागल्या.

प्रत मला मिळाली ती सासऱ्यांच्या घरी. देव्हाऱ्याशेजारच्या कपाटाचा एक पाय आखूड होता, त्याखाली घडी करून ती ठेवलेली होती. अण्णा त्या घरात माझ्याआधीपासून येत होते आणि त्यांना ती दिसली नव्हती. मी त्या जागी लाकडाची चकती सरकवली आणि पुस्तिका सदऱ्याच्या आत घालून जेवायला बसलो. त्या दिवशी मी पुरणाच्या पाच पोळ्या खाल्ल्या. सासूबाईंनी प्रथमच माझं कौतुक केलं.

पुस्तिकेच्या तेविसाव्या पानावर ही ओवी आहे:

काळ्या छतरीचा सायेब, आला पामच्या येशीला,
वाट इचारी म्हशीला, बाई मी हासते.

खाली साडेतीन पानं टीप. ओवी सव्वादोनशे वर्षांपूर्वीची असावी. रचणारी स्त्री अज्ञात. काळी छत्री हे सत्तेचं चिन्ह असून साहेब म्हणजे पोर्तुगीजांचा कोणी अंमलदार. गावकरी भयानं परागंदा झाल्यामुळे त्याला वाट विचारायला गुरांखेरीज कोणी उरलं नव्हतं. ‘बाई मी हासते’ हे जुलमाखालच्या प्रजेचं कडू हास्य. वाचताना मलासुद्धा क्षणभर त्या उजाड गावाबद्दल वाईट वाटलं.

मग मी पामला गेलो. एका विहिरीच्या भांडणाची बातमी होती, पण तेवढ्यासाठी नसतो गेलो तरी चाललं असतं. ओव्या सांगणाऱ्या बाईचं घर विचारत गेलो. बायजीबाई तिचं नाव. साठीची, सडपातळ, अंगणात चिंचा फोडत बसलेली. मी अण्णांचं वर्णन केलं तेव्हा तिच्या हातातली चिंच खाली पडली.

“तो छतरीवाला? तुमचा कोन तो?”

“माझे साडू.”

“अगो बाय!” ती आत ओरडली. “सूनबाय, म्हशीवाल्याचा साडू आलाय, च्या टाक!”

मग तिनं जे सांगितलं ते मी वहीत तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं आहे. “दिवस बुडायला आला व्हता. हा येशीवर आला. घामानं चष्मा धुरकटला म्हनून काढून पुसत व्हता. समोर आमची म्हस. तिला म्हनतो कसा, ‘अहो बाई, ओव्या सांगणाऱ्यांचं घर कुठं हाय?’ म्हस काय बोलत नाय. हा परत इचारतो! मी पडवीत हासून हासून पडले. रातभर ऱ्हायला शेजारी, सकाळी ओटीवर वही घेऊन बसला. मी जात्यावर. म्हनलं, ह्याचीच वोवी करू या. केली. हा डोकं हालवून लिहितो. आमी सगळ्या पदर तोंडात घालून बसलो.”

“तुम्ही सांगितलं नाहीत त्यांना?”

“काय सांगू? एवढा मन लावून लिहीत व्हता बिचारा.”

परतीच्या एसटीत मी खिडकीपाशी बसलो होतो आणि मला एकट्याला हसू येत होतं. आपल्यावर रचलेली ओवी आपल्यासमोर म्हटली जाते, आणि माणूस तीत आपल्याला न ओळखता सव्वादोनशे वर्षं मागे जाऊन एका पोर्तुगीजाला धरून आणतो. ही चूक करायला विद्वानच लागतो. पालघरला उतरायच्या आत मथळा तयार झाला होता.

नेमका त्याच महिन्यात पालघरच्या एका वाचनालयानं अण्णांचा सत्कार ठरवला. मी बातमी लिहून ठेवली. सत्काराच्या दुसऱ्या दिवशी ती छापून यावी असा बेत होता. कच्चा मजकूर बायकोच्या हाती लागला. तिनं तो उभ्या उभ्या वाचला.

“हे छापणार?”

“खरं आहे ते.”

“खरं असू दे. मग मी अक्काकडे कुठल्या तोंडानं जाऊ?” ती थांबली. “आणि अहो, विहिरीच्या भांडणाची बातमी कुठे आहे?”

ती मी पाठवायची विसरलो होतो.

सत्काराला हॉल भरला होता. बोईसरच्या वसाहतीतले एक इंजिनिअर पाहुणे म्हणून आले होते. माझ्या खिशात बातमी होती आणि पिशवीत पुस्तिका. पहिल्या रांगेत, अक्काच्या शेजारी, नऊवारी नीट चापून नेसून बायजीबाई बसलेली होती. तिला अण्णांनी स्वतः पामहून एसटीनं आणलं होतं. मी पिशवी खुर्चीखाली सरकवली.

शाल घेऊन अण्णा उभे राहिले. “मंडळी,” ते म्हणाले, “माझ्या पहिल्या पुस्तिकेत मी एका पोर्तुगीज अंमलदाराचा शोध लावला होता. तो अंमलदार आज या सभेला हजर आहे. तो मी.”

कोणाला काही कळेना. तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला, “आनी म्हशीचं बी सांग!”

“म्हशीचं सांगतोय ना, बायजीबाई.”

“लवकर सांग. म्हस इकून दोन वरसं झाली.”

हॉल हसून कोसळला. अण्णांनी सगळं सांगितलं. चष्मा, म्हैस, साडेतीन पानांची टीप, कडू हास्य. माझ्या बातमीतली एकही गोष्ट त्यांनी सोडली नाही, आणि दोन अशा सांगितल्या की ज्या मला ठाऊक नव्हत्या. शेवटी म्हणाले, “हसण्यासारखं एवढंच आहे. पुढचं नाही. ही बाई मला चहा देत होती आणि मी वहीत लिहीत होतो, ‘रचणारी स्त्री अज्ञात’. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. हे मला पुढे दोन वर्षांनी, पुन्हा पामला गेलो तेव्हा समजलं. तेव्हापासून एकेक प्रत मिळवतो, समासात चूक दुरुस्त करतो, तिचं नाव घालतो आणि ज्याची त्याला परत करतो. दुसरी आवृत्ती काढता आली असती, पण मग पहिलीतलं खोटं तसंच राहिलं असतं. शंभरावर प्रती झाल्या. आता एकच राहिली आहे.” आणि ते माझ्याकडे बघून हसले.

म्हणजे माझ्यानंतर सासऱ्यांच्या कपाटाखाली तीच पुस्तिका शोधताना लाकडाची चकती त्यांच्या हाती लागली होती.

टाळ्या संपेनात. जी चूक मी इतके दिवस जपून ठेवली होती, तिचं त्या माणसानं दहा मिनिटांत भूषण करून दाखवलं. खिशातली बातमी मी तिथेच फाडली आणि दुसरी लिहिली. ती आठव्या पानावर आली. माझ्या सातांपैकी ती शेवटची. ‘भावजींनी किती छान सांगितलं नाही?’ असं घरी परत येताना बायको म्हणाली. मी म्हटलं, हो.

दुसऱ्या रविवारी अण्णा शाईचं पेन घेऊन पालघरला आले.

“वार्ताहर, प्रत काढा. तीन ओळी लिहायच्या आहेत.”

मी नाही म्हणालो. कारण दरम्यान माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. शंभरावर प्रती दुरुस्त झाल्या असतील तर दुरुस्त न झालेली प्रत जगात एकच, आणि ती माझ्याकडे. अण्णांच्या सतरा फायलींत तिच्या तोडीचं काही नव्हतं. आयुष्यात प्रथमच माझ्याजवळ असं काही होतं जे त्यांना हवं होतं.

“तुम्ही माझी सगळी पुस्तकं ठेवा,” ते म्हणाले, “चूक तेवढी मला द्या.”

“चूकच तर दुर्मीळ आहे, अण्णा.”

ते एकदम खूश झाले. मांडीवर थाप मारून म्हणाले, “बरोबर! मीही दिली नसती.” मग चहा संपवून म्हणाले, “फक्त त्यात तिचं नाव नाही, वार्ताहर. तुम्ही-आम्ही गेल्यावर कोणी ती एकच प्रत उघडली तर तो म्हणेल, अज्ञात.”

पुढची दोन वर्षं ते महिन्यातून एकदा येत राहिले. आले की न सांगता हात धुवून बसत. कपाटाकडे बघत, हवापाण्याचं बोलत. मी किल्ली कडदोऱ्याला बांधली होती. मी घरात नसताना आले तर बायको त्यांना पोहे करून देई आणि मला नंतर सांगे, “कपाटाशी जाऊन नुसते उभे राहिले होते हो. हातसुद्धा लावला नाही.” मला त्यांचा राग येई. कुलूप फोडलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटे. दरम्यान त्यांनी सहावी पुस्तिका काढली. दांडी गावच्या होडीवाल्यांच्या गाण्यांची. तिच्यात प्रत्येक गाण्याखाली गाणाऱ्याचं नाव, बापाचं नाव आणि घराची खूण आहे. पेन्सिल घेऊन मी तीही वाचली. काही सापडलं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा अक्काचा निरोप आला की अण्णा अंथरुणाला खिळले आहेत, खात नाहीत. मी एसटीनं तारापूरला गेलो. पिशवीत मोसंबी होती आणि पुस्तिका होती. ती घ्यायचं मी ठरवलं नव्हतं. कपाट उघडलं आणि घेतली. अण्णा उशीला टेकून बसले होते. कोट खुंटीवर होता. त्याच्या खिशातून कुठल्याशा लग्नाचा पिवळा कागद डोकावत होता.

“या, वार्ताहर,” ते म्हणाले. आवाज ओटीपर्यंतही गेला नसता.

मी पुस्तिका त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“एकमेव प्रत आहे ही,” ते म्हणाले. “मग राहणार नाही.”

“माहीत आहे.”

“पुन्हा विचार करा. संग्राहक म्हणून सांगतो.”

“लिहा, अण्णा.”

अक्कानं तांब्या आणून त्यांचे हात धुतले. पेन मी भरून दिलं. त्यांनी स्वतः तेविसावं पान काढलं. एक ओळ लिहायला त्यांना बराच वेळ लागला, आणि दुसरीला त्याहून जास्त. मग पेन थांबलं. त्यांनी ते माझ्यापुढे धरलं आणि पुढचे शब्द सांगितले. शेवटी विचारलं, “पामचं लिहिलंत ना?” मी लिहिलं होतं. ते बाराव्या दिवशी गेले.

तेविसाव्या पानाच्या समासात तीन ओळी आहेत. पहिली: ‘हा अंमलदार नव्हे, प्रस्तुत लेखक.’ दुसरी: ‘ओवी जुनी नाही, माझ्यासमोर रचली.’ तिसरी: ‘रचणारी बायजीबाई, राहणार पाम.’ पहिल्या दोन त्यांच्या अक्षरात आहेत. तिसरी माझ्या.